पालकांच्या नावानं शंख

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 मध्ये एक ठराव केला. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा आणि पुढचा दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर फिरून आठवण करून देत. बातमी देशभर गेली आणि तेव्हापासून पालकत्वावरच्या चर्चेत हा भोंगा दाखला म्हणून पुढे केला जातो. एक बाजू म्हणते, खेड्याला जमतं ते शहरातल्या शिकल्यासवरल्या आईबापांना का जमू नये? तेच तर जेवताना मोबाईल चाळत बसतात. दुसरी बाजू म्हणते, घरात कोणी काय पाहावं हे पंचायतीनं सांगू नये. तसंही हल्लीचे पालक मुलांच्या नको इतके मागे लागलेले असतात, जरा मोकळं सोडा. पालकांनी लक्ष जास्त द्यायचं की कमी, एवढ्यावरच हे भांडण अडलं आहे. लक्ष देणं म्हणजे नेमकं काय करणं, ते कोणत्या वयात कसं लागू पडतं, आणि ते द्यायला घरात कोण, कधी, किती वेळ जागं असतं, हे कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मुलाच्या घडण्यात घराचा वाटा मोठा आहे, पण अभ्यासाला खेटून बसण्यातून तो फारसा येत नाही. तो येतो मुलाशी होणाऱ्या रोजच्या देवाणघेवाणीच्या बोलण्यातून आणि घरातल्या मोठ्या माणसांचं आपापसात कसं चाललं आहे त्यातून. या दोन्हींसाठी वेळ, झोप आणि थोडी निश्चिंती लागते. ती काही घरांत आहे आणि बहुतेक घरांत नाही, याला पालकांचा आळस जबाबदार आहे असं म्हणणं सोयीचं आहे, खरं नाही.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा आधी घेऊ. पालकांचं महत्त्व मुळातच फुगवून सांगितलं जातं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि ते उथळ नाहीत. अमेरिकेतल्या ज्युडिथ रिच हॅरिस यांनी 1998 मध्ये हाच युक्तिवाद मांडला: मूल घडतं ते आईवडिलांकडून आलेल्या जनुकांनी आणि बरोबरीच्या मुलांच्या टोळीनं, संगोपनाच्या पद्धतीनं स्वभावात फार फरक पडत नाही. जुळ्यांवरचे आणि दत्तक मुलांवरचे अभ्यास त्यांच्या बाजूनं होते. वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी भावंडं स्वभावानं आणि बुद्धीनं एकमेकांसारखी निघतात, आणि एकाच घरात वाढलेली दत्तक भावंडं मोठेपणी परक्यांइतकीच वेगळी निघतात, हे वारंवार दिसलं आहे. ज्या घरात दोन पोरं आहेत त्या घरातल्या आईला हे सांगायला कोणी प्राध्यापक लागत नाही. मग पालकांचं काय उरलं?

उरतं ते असं. या अभ्यासांत बरीचशी घरं खाऊनपिऊन सुखी होती. घरं सगळीच बऱ्यापैकी असली की त्यांच्यातला फरक मुलांत दिसत नाही आणि जनुकांचा फरक उठून दिसतो. एरिक टर्कहायमर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये सात वर्षांच्या जुळ्यांची माहिती श्रीमंत-गरीब अशी वेगळी करून पाहिली, तेव्हा चित्र बदललं. सुस्थितीतल्या घरांत बुद्ध्यांकातला फरक मुख्यतः जनुकांशी जोडलेला दिसला. गरीब घरांत तो मुख्यतः घराच्या परिस्थितीशी जोडलेला होता. म्हणजे कोथरूडच्या ज्या आईला आपण फ्लॅशकार्ड कमी दाखवली म्हणून अपराधी वाटतं, तिला हॅरिसबाईंचं म्हणणं औषधासारखं आहे. डोनाल्ड विनिकॉट नावाचा इंग्रज बालरोगतज्ज्ञ अर्धशतक आधी तेच सांगत होता: आई पुरेशी चांगली असली की पुरे. पण जिथं घराचाच आधार डळमळीत आहे तिथं हा दिलासा लागू होत नाही.

तो आधार अजिबात नसला तर काय होतं, हे रुमानियात दिसलं. चाउशेस्कूच्या राजवटीनं 1966 मध्ये लोकसंख्या वाढवायची म्हणून गर्भपातावर बंदी घातली. न पेलणारी मुलं सरकारी अनाथालयांत साठत गेली आणि 1989 मध्ये राजवट कोसळली तेव्हा तिथं लाखाहून अधिक मुलं होती. पुढे बुखारेस्टमध्ये 136 मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना चिठ्ठी टाकावी तसं निवडून सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवलं, बाकीच्यांची व्यवस्था तेव्हा होती तशीच चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांचा बुद्ध्यांक, भाषा, माणसाशी जोडलं जाणं, सगळंच सुधारलं, आणि वयाची दोन वर्षं पुरी व्हायच्या आत गेलेल्यांचं सर्वांत जास्त. संस्थेत खाट होती, कपडे होते, वेळेवर जेवण होतं. रडल्यावर येणारं, हसल्यावर हसणारं, उद्याही तेच असणारं एक माणूस तेवढं नव्हतं.

त्या माणसानं करायचं तरी काय? इथं आपल्याकडचे सल्ले फार लवकर ‘मुलांशी बोला’ या दोन शब्दांवर थांबतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या हार्ट आणि रिस्ले या संशोधकांनी 42 कुटुंबांत महिन्यातून एकदा तासभर ध्वनिमुद्रण केलं आणि 1995 मध्ये हिशेब मांडला की गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुशिक्षित घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. हा आकडा जगभर गाजला आणि त्यावर टीकाही झाली, ती योग्यच होती. घरं मूठभर होती, आणि आजूबाजूच्या मोठ्या माणसांचं मुलाच्या कानावर पडणारं बोलणं मोजलंच नव्हतं. शिवाय शब्द मोजायचे म्हटले तर दिवसभर चालू असलेला टीव्ही पहिला नंबर काढेल. नंतरच्या संशोधनात शब्दांच्या राशीपेक्षा बोलण्याच्या फेऱ्या महत्त्वाच्या ठरल्या: मुलानं काही काढायचं, मोठ्यानं त्यालाच धरून उत्तर द्यायचं, मुलानं पुन्हा काही म्हणायचं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या ज्या मुलांच्या घरी अशा फेऱ्या जास्त होत्या, त्यांच्या मेंदूतला भाषेचा भाग गोष्ट ऐकताना अधिक काम करताना दिसला, मग घरची मिळकत काही का असेना.

याला पैसा लागत नाही, पण कसब लागतं, आणि नेमकं तेच कोणी शिकवत नाही. मेथी निवडताना समोर बसलेलं दीड वर्षाचं पोर काडी उचलून ‘का’ म्हणतं. त्यावर ‘हो, काडी! मोडू? कट्’ असं म्हणून थांबायचं. थांबणं सर्वांत अवघड. मोठी माणसं सेकंदभरही वाट पाहत नाहीत. स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात. मनात पाचपर्यंत आकडे म्हणेस्तोवर गप्प राहिलं तर मूल हमखास काहीतरी करतं: हात पुढे करतं, आवाज काढतं, दुसरी काडी देतं. त्याला उत्तर दिलं की फेरी पूर्ण. दोन वर्षांचं मूल ‘भू भू गेला’ म्हणालं तर ‘भू भू नाही, कुत्रा म्हण’ असं दुरुस्त करू नये; ‘हो, काळा कुत्रा पळाला, कुठं गेला असेल?’ असं त्याचंच वाक्य थोडं लांब करून परत द्यावं. चित्रांचं एकच पुस्तक पंधरा दिवस रोज वाचलं तरी चालतं, किंबहुना तेच चांगलं. पहिल्या दिवशी आपण सांगायचं, चौथ्या दिवशी ‘पुढे काय झालं?’ विचारायचं, दहाव्या दिवशी मुलानं आपल्याला वाचून दाखवायचं. चुकतं कुठं? आपल्याकडे मुलाशी बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा असते. हा रंग कोणता, हे किती, काकांना पोएम म्हणून दाखव. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे, त्या प्रश्नानं गप्पा होत नाहीत. मोठ्या मुलांचंही तसंच. ‘आज शाळेत काय शिकवलं?’ याला ‘काही नाही’ हे पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्तर आहे. ‘आज ओरडा कोणाला बसला?’ विचारून पाहा, अर्धा तास निघतो.

हे सगळं शिकवता येतं का, की सुशिक्षितांच्या घरातच उगवतं? जमैकातल्या किंग्स्टनमध्ये 1986-87 साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतली, वाढ खुंटलेली 129 मुलं घेतली. वय 9 ते 24 महिने. आपल्या आशा सेविकांसारख्या आरोग्य सेविका काही घरी आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षं जात. रिकाम्या बाटल्या, खोकी, चिंध्या यांची खेळणी नेत आणि मुलाशी स्वतः खेळण्याऐवजी आईला खेळायला लावत. निघताना खेळणी आठवडाभर ठेवून जात, पुढच्या वेळी बदलत. वीस वर्षांनी तपासलं, तेव्हा या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. नुसता दुधाचा पूरक आहार मिळालेल्या गटात मात्र असा टिकाऊ फरक दिसला नाही. (यावरून पोषण आहार बंद करा असा निष्कर्ष काढणारे महाभाग निघतील. पोट रिकामं असलेलं मूल खेळत नाही, एवढंच त्यांना सांगावं.) नंतर हीच पद्धत ओडिशातल्या खेड्यांत वापरून पाहिली, तेव्हा घरभेटींऐवजी आयांच्या गटबैठका घेतल्या तरी परिणाम तितकाच आला आणि खर्च बराच कमी झाला.

आता शाळेतल्या वयाकडे. शिक्षकांची तक्रार असते की पालक गृहपाठ पाहत नाहीत. तक्रारीत तथ्य आहे; चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या बाईंनी काय काय पाहायचं? पण गृहपाठावर पालक बसवले की प्रश्न सुटतो, याला आधार कच्चा आहे. कीथ रॉबिन्सन आणि अँजेल हॅरिस या दोघांनी अमेरिकेतल्या तीसेक वर्षांच्या पाहण्या चाळून 2014 मध्ये मांडलं की गृहपाठात मदत, शाळेतल्या बैठका, शिक्षा या गोष्टींचा गुणांशी संबंध बहुतेक वेळा शून्य किंवा उलटा येतो. आक्षेप असा की मागे पडलेल्या मुलालाच घरी जास्त मदत मिळते, म्हणून आकडा उलटा दिसतो. आक्षेप रास्त आहे आणि तो पूर्णपणे खोडता आलेला नाही. तरी आपल्या घरात रात्री नऊला काय होतं ते पाहा. आई दमलेली. वजाबाकी शाळेत एका रीतीनं शिकवलेली, आईला दुसरी येते. तिची रीत लादली जाते, मूल रडतं, पेन्सिल आईच्या हातात जाते आणि उत्तर बरोबर येतं. वहीत बरोबरची खूण पाहून बाईंना वाटतं याला जमलं. प्रकल्पांचं तर विचारूच नका: ज्वालामुखी, पवनचक्की, सूर्यमाला, सगळं शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतं. त्यापेक्षा मोठ्यानं शेजारी बसून आपलं वाचन किंवा हिशेब करावा, मुलानं आपलं काम करावं. अडलं तर ‘कुठपर्यंत आलं ते दाखव’ एवढंच विचारावं, पेन्सिल धरू नये. पहिली-दुसरीत वीस मिनिटांत होईना तर डायरीत तसं लिहून वही मिटावी. न जमलेलं शाळेला कळणं हेच गृहपाठाचं काम आहे.

घरातल्या नात्यांबद्दल बोलायला आपण कचरतो, आणि बोलायचंच झालं तर एकत्र कुटुंबाचे गोडवे गाऊन थांबतो. एकत्र घरात मुलाला हात जास्त मिळायचे, हे खरं आहे आणि मोलाचं आहे. हवाईच्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी चाळीस वर्षं माग ठेवला. दारिद्र्य, व्यसनी बाप, आईचा आजार अशी अनेक संकटं असलेल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा धडधाकट, कर्तीसवरती माणसं झाली. त्यांच्याजवळ लहानपणी निदान एक खात्रीचं मोठं माणूस होतं आणि ते आईबापच होतं असं नाही. आजी होती, मावशी होती, कधी शिक्षक. पण त्याच एकत्र घरात सुनेला स्वतःच्या मुलाबद्दल शब्द काढायची सोय नसायची, तिचा अपमान मुलादेखत व्हायचा, हे गोडवे गाणारे विसरतात. मुलाला भांडणांचा त्रास होतो तो आवाज चढल्यामुळे कमी आणि भांडण मिटत नाही म्हणून जास्त. मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांच्या प्रयोगांत मुलांना मोठ्यांचं भांडण दाखवलं. ज्यांनी ते मिटतानाही पाहिलं त्यांचा ताण बराच उतरला. आपल्याकडे भांडण दिवाणखान्यात होतं आणि समेट बंद दाराआड, किंवा होतच नाही: आठ दिवस अबोला आणि मूल निरोप्या. ‘बाबांना सांग जेवायला या.’ अशा घरात भोंगा वाजला काय आणि न वाजला काय!

इथवर सगळं घराच्या चार भिंतींतलं झालं. पण पालकांच्या नावानं शंख करण्याची परंपरा जुनी आहे आणि तिला उत्तरही जुनंच आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात शेतकऱ्यांची मुलं शाळेत का येत नाहीत याचं कारण अज्ञान म्हणून सोडून दिलेलं नाही: कमालीचं दारिद्र्य, आणि गुरं राखायला, शेत सांभाळायला घरात पोरच लागतं. म्हणून सक्तीबरोबर त्यांनी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं मागितली. सयाजीरावांनी 1906 मध्ये बडोद्यात आणि शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंडही ठेवला. आज पालकांना दंड करा म्हणणारे हे दाखले देतात आणि त्यासोबत शिक्षण मोफत होतं, कोल्हापुरात जातीजातींसाठी वसतिगृहं उभी राहिली होती, ते गाळतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पोरं गुरांमागे जातात म्हणून कुरणशाळा काढली. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं असतं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. या दोघींनी पालकांना उदासीन ठरवून वही बंद केली असती तर?

आजचा प्रश्न याच जातीचा आहे. बीडहून ऊसतोडीला निघालेलं जोडपं म्हणजे मुकादमाच्या हिशेबी एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांच्या नावावर, त्यामुळे एकानं मागं राहायची सोय नाही. दिवाळीच्या आगेमागे जायचं, मार्च-एप्रिलला परतायचं. पोर बरोबर नेलं तर पहाटे चारला फडात. मागं ठेवलं तर आजीपाशी. हंगामी वसतिगृहाची योजना त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करते, आणि ती उपयोगी आहे. पण पाच-सहा महिने या पोराशी फेऱ्या धरून बोलणार कोण, हा प्रश्न कुठल्याच योजनेच्या रकान्यात नाही. शहरातही फार वेगळं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, कारण मुलांची झोप होत नाही. कारण योग्य होतं, पण मुलं उशिरा झोपतात याचं कारण बऱ्याच घरांत असं की आईबाप नऊनंतर घरी पोचतात. डोंबिवलीच्या घरातले सात ते साडेआठ लोकलमध्ये जातात. तिथं भोंगा वाजवून कोणाला घरी बसवणार? बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा 2017 च्या दुरुस्तीनं मिळाली, 50 किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची अटही आली. पण धुणीभांडी करणारी, शेतमजुरी करणारी, बिगारी काम करणारी बाई त्या कायद्यात बसतच नाही. बापाचं तर नावच नको. केंद्र सरकारी नोकराला 15 दिवस मिळतात, खासगी नोकरीत कायद्यानं काही नाही. नॉर्वेनं 1993 मध्ये पालकत्वाच्या रजेतले चार आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले: घेतले नाहीत तर बुडाले. तोवर हातावर मोजण्याइतके बाप रजा घेत होते. काही वर्षांतच बहुतेक जण घेऊ लागले. तिथले बाप एका रात्रीत प्रेमळ झाले असं कोणी समजू नये.

सगळं सरकारवर ढकललं की पालक मोकळे, असं यावर म्हटलं जाईल. ज्यांच्याकडे वेळ आहे, पैसा आहे, मोठं घर आहे आणि तरी मुलाशी बोलणं क्लासच्या वेळापत्रकापलीकडे जात नाही, त्यांना माझ्याकडून कसलीही सवलत नाही. ते मोकळे नाहीतच. पण त्यांच्यासाठी ठरवलेलं माप घेऊन कोयत्यावरच्या बाईला तोलायचं, हे चालणार नाही.

हातातल्या गोष्टी नीट वापरल्या तरी पुष्कळ होईल. राज्यात 2022 पासून ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारी मेळावे होतात. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे वस्तीवर छोटे गट केले जातात, आठवड्याला एक कृती व्हॉट्सॲपवर येते: डाळी-कडधान्यं वेगळी करा, पावलांनी अंतर मोजा, चित्रावरून गोष्ट सांगा. काम चांगलं आहे, पण ते सुरू होतं मूल सहा वर्षांचं होताना, आणि गट मातांचे असतात. हेच दीड वर्षापासून अंगणवाडीतून करायचं, तर सेविकेच्या अंगावरची नोंदवह्यांची आणि ॲपमधल्या माहितीची कामं आधी कमी करावी लागतील. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. तिची बैठक अनेक ठिकाणी कामाच्या दिवशी अकराला बोलावतात. रोजंदारीवरची बाई आली तर तिचा दिवस बुडतो, नाही आली तर इतिवृत्तात ‘पालकांचा प्रतिसाद अल्प’ असं लिहिलं जातं. बैठक रविवारी किंवा सातनंतर ठेवा. सूचना बापाच्याही नावानं काढा. गुणांच्या याद्या वाचून दाखवण्यात जाणाऱ्या त्या पाऊण तासातली दहा मिनिटं, मेथीची जुडी आणि दीड वर्षाचं पोर समोर ठेवून कसं थांबायचं, ते करून दाखवायला द्या.